आटोपशीरपणाचा आकडा

"दोरा ओला कर," अच्युत म्हणाले. "कुमुद ओला करायची. ओला दोरा रेषेवर बसून राहतो."

मी दोरा कोरडाच ठेवला. टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरला होता, त्यावर हुंबरवाडीच्या भैरीच्या राईची हद्द मी पेन्सिलीनं काढली होती, आणि त्या रेषेवरून परीघ मोजायला शिवणाचा पांढरा दोरा नखानं दाबत दाबत पुढं नेत होते. दर दोन बोटांवर तो घसरत होता.

"घसरतोय तो."

"दिसतंय मला."

"मग एकदा पाण्यात बुडवायला काय हरकत आहे?"

"मला कोरडाच बरा पडतो," मी म्हणाले, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या खेपेला ते बाहेर निघून गेले. मग मी दार लोटून घेतलं आणि दोरा पाण्यात बुडवला. तो रेषेवर मुकाट बसला. त्याचाच मला जास्त राग आला.

कुमुद ही अच्युतची पहिली बायको. आमच्या लग्नाच्या चार वर्षं आधी ती गेली. हृदयाची झडप लहानपणापासून खराब होती, त्यातून. दोघं कोल्हापुरात एका वर्गात वनस्पतिशास्त्र शिकलेले. ती त्यांना 'अरे अच्युत' म्हणायची. हे मला सासूबाईंनी सांगितलं. मी त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान. मी 'अहो' म्हणायची, आणि कितीही ठरवलं तरी त्यापुढं जीभ वळायची नाही.

कुमुदनं भुदरगडच्या डोंगरातल्या बारा देवराया मोजल्या होत्या. तिचा प्रबंध त्यावर होता. देवराई किती मोठी आहे एवढ्यावर भागत नाही, ती कशा आकाराची आहे तेही बघावं लागतं, हे तिचं म्हणणं. गोल राईला पोट असतं. ऊन, वारा, गुरं आणि कोयता हे सगळे कडेकडून आत येतात, आणि गोल राईच्या मधोमध पोचेपर्यंत त्यांचा दम सरतो. तिथं शेकरू घरटं बांधतं, धनेश ढोलीत अंडी घालतो. पण तेवढ्याच क्षेत्रफळाची राई लांबोडकी असली, कडांना दात पडलेली असली, तर तिला पोटच राहत नाही. ती सगळी कडाच होते. हे आकड्यात मांडता येतं. राईएवढ्या क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा परीघ घ्यायचा आणि त्याला राईच्या खऱ्या परिघानं भागायचं. राई पुरती गोल असेल तर उत्तर एक. जितकी ती फाटकी, तितकं उत्तर शून्याकडं सरकणार.

इंग्रजीत त्याला शब्द होता. मराठीत कुमुदनं 'आटोपशीरपणा' असा शब्द योजला होता.

आमच्या घरात तो शब्द दुसऱ्या अर्थानंही फिरायचा. "कुमुद फार आटोपशीर होती हो," सासूबाई म्हणायच्या. "अमुक वस्तू कुठंय म्हणून विचारायला नको." माझ्या कपाटातून साड्या बाहेर येत, पुस्तकं पलंगाखाली जात, दुधाचं भांडं रोज एकदा उतू जाई. मी गडहिंग्लजच्या कॉलेजात भूगोल शिकवायची, मुलं माझ्या तासाला आवडीनं बसायची, पण घरात माझा आकडा कमीच.

शहाण्णव सालच्या पावसाळ्यानंतर सरकारनं देवरायांची मूळ हद्द ठरवायला एक समिती नेमली. राईत घुसलेली शेतं काढून घ्यायची आणि राई पूर्ववत करायची, असा विचार. समितीवर जाणकार म्हणून अच्युतना घेतलं. मूळ हद्द म्हणजे कुठली, तर ज्याचा नकाशा आहे ती. आणि नकाशे एकाच व्यक्तीनं काढलेले होते.

"आताची हद्द नव्यानं मोजायला कोणीतरी हवं," अच्युत म्हणाले. "दहा वर्षांत काय काय खाल्लं गेलं ते त्याशिवाय कळणार नाही. मला कॉलेज सोडून इतके दिवस मिळणार नाहीत."

"मी मोजते," मी म्हणाले. मी बिनपगारी रजा घेतली. सासूबाईंनी माळ्यावरून कुमुदचे कॅनव्हासचे बूट काढून दिले. ते मला अगदी मापाचे झाले.

मी का गेले हे सांगायला नको. ती जिथं जिथं चालली होती तिथं तिथं चालून मला तिच्याहून चांगलं मोजायचं होतं.

सहज होणारं काम नव्हतं ते. राईच्या कडेनं तीस मीटरची टेप लावत जायचं, दर टप्प्याला होकायंत्रानं दिशा घ्यायची, लिहायची, पुढं सरकायचं. करवंदाच्या जाळ्या, उतार, खाली घळ. टेपचं दुसरं टोक धरायला हुंबरवाडीची शेवंता पोवार माझ्याबरोबर असायची. तिशीची, ताठ चालणारी, बोलकी. राईत पाय ठेवण्याआधी ती चपला काढायची आणि मलाही बूट काढायला लावायची.

"पहिल्या बाई बी असंच मोजायच्या म्हणं," पहिल्याच दिवशी ती म्हणाली. "मी न्हाई बघितलं. माजं लगीन मागनं झालं. पर समदी नाव काडत्यात. लई गुणाच्या हुत्या म्हणं."

"हं."

"लई देखण्या बी हुत्या म्हणं."

"टेप ताण जरा," मी म्हणाले.

बारा गावांत मी हेच ऐकलं. पहिल्या बाईंनी आमच्या पोराला पाटी दिली. पहिल्या बाई आमच्याकडं नाचण्याची भाकरी मागून खायच्या. मी कोण, तर दुसऱ्या बाई. एका पुजाऱ्यानं तर मला निरखून बघितलं आणि म्हणाला, "साहेबांनी बरं केलं. माणसानं एकटं राहू न्हाई."

पहिल्या पाच राया मोजून झाल्या तेव्हा मी जवळजवळ खचलेच. माझे आकडे आणि कुमुदचे आकडे इतके जुळत होते की एकीचे दुसरीनं चोरलेत असं कोणी म्हणावं. कुठं एखादी फांदी तुटलेली, कुठं गुरांनी वाट पाडलेली, तेवढाच फरक. तिच्या नकाशावर घळीजवळ एक वाकडा कोपरा होता. मी त्या कोपऱ्यात उभी राहिले आणि तो तिनं दाखवला होता तसाच, तितकाच वाकडा होता. काट्यांच्या जाळीमुळं कोणीही तिथं अंदाजानं रेघ ओढली असती. तिनं ओढली नव्हती. ती आत शिरली होती. माझ्यासारखेच तिचेही हात ओरबाडले असणार.

अशा बाईचं करायचं काय?

सहाव्या राईपासून आकडे फुटले. तिचा आकडा पॉइंट आठ आठ, माझा पॉइंट सहा. सातवीपासून बारावीपर्यंत तसंच. भैरीची राई आठवी. तिथं तिचा आकडा पॉइंट नऊ एक, म्हणजे जवळजवळ चंद्र. माझा पॉइंट पाच चार. दोरा ओला करूनही पॉइंट पाच चारच.

अच्युतनी कागद बघितला आणि चष्मा काढून पुसला. "परत मोज," ते म्हणाले.

"का?"

"इतका फरक पडणार नाही. तू टप्पे लहान घेतले असशील. लहान टप्प्यानं मोजलं की परीघ वाढतो, तुला माहीत आहे. प्रत्येक खाचखळगा त्यात येतो."

"टप्पे तीस मीटरचेच होते. तिचेही तीसचेच आहेत, प्रबंधात लिहिलंय."

"तरी मोज. दहा मीटरची चूकही मला चालणार नाही, वैजू. लोकांच्या जमिनीचा प्रश्न आहे."

"ही चूक तिची असली तर?"

त्यांनी चष्मा लावला आणि पुन्हा म्हणाले, "एकदा मोज."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेलेल्या बाईच्या रेघेवर विश्वास, आणि जिवंत बायकोनं रक्ताळलेल्या पायांनी काढलेल्या रेघेवर नाही. मी दुसऱ्या दिवशीची पहिली एस्टी धरून हुंबरवाडीला गेले. आता मी राई मोजायला चालले नव्हते. मी कुमुदला पकडायला चालले होते.

दुसऱ्यांदाही तेच आलं. भैरीच्या राईला दक्षिणेकडून तीन मोठे दात पडले होते. उताराची शेतं, नाचण्याची आणि वरीची, राईच्या पोटात घुसलेली. त्यातला मधला दात शेवंताच्या घरचा. दुपारी शेवंता मला जेवायला तिच्या घरी घेऊन गेली. घर राईच्या अगदी पायथ्याला. तिची सासू बायाक्का घराच्या पुढच्या सोप्यात सुपात नाचणा पाखडत बसली होती. म्हातारी होती पण आवाज खणखणीत.

"पुन्यांदा मोजलंसा म्हणं?" तिनं विचारलं. "आमचं रान काडून घेणार का वं सरकार?"

"ते समिती ठरवणार. राईत नवीन घुसलेलं असेल ते काढतील."

"नवीन?" तिनं सूप खाली ठेवलं. "आवं बाई, मी हळदीच्या अंगानं त्या रानात नाचणा लावलाय. माजा थोरला लेक त्या बांधावर झाला. आता त्येला नातू हुईल. नवीन कसलं?"

मी जेवता जेवता थांबले. "मग कुमुदताईंच्या नकाशात ते का नाही? त्या मोजून गेल्या ना?"

"कोन मोजून गेलं?"

"पहिल्या बाई."

बायाक्का माझ्याकडं बघत राहिली. "त्या कवा वर गेल्या?" ती म्हणाली. "त्या हितं बसायच्या. हितं, तुमी बसलाय तितं. दम लागायचा बगा त्यास्नी, चार पायऱ्या चडल्या की ओठ निळं व्हायचं. म्या म्हणायची, बाई, देवाचं घर हाय, न्हाई गेलासा तर देव काय रुसत न्हाई. तर हसायच्या."

"मग वर कोण जायचं?"

शेवंतानं मला आणखी आमटी वाढली. बायाक्कानं पुन्हा सूप उचललं होतं. "आता ते काय ठावं? मी रानात असायची. सांजला यायची तवा त्या नकाशा रंगवत बसलेल्या असायच्या."

मी राहिलेली भाकरी ताटातच ठेवली. मला आनंद झाला होता. तो शब्द मी मुद्दामच वापरते. ती वर गेलीच नव्हती. सोप्यात बसून तिनं गोल रेघा ओढल्या होत्या. आटोपशीर! आटोपशीर असायला काय लागतं, राई बघायचीच नाही, म्हणजे ती आपोआप गोल होते. परतीच्या एस्टीत मी वाक्य जुळवत होते. सासूबाई ऐकतील अशा बेतानं बोलायचं की फक्त अच्युतसमोर, एवढंच ठरायचं होतं.

घरी पोचले तेव्हा सासूबाई देवळात गेल्या होत्या. अच्युत व्हरांड्यात कुंड्यांना पाणी घालत होते.

"मोजलीस?"

"मोजली. पॉइंट पाच तीन. आणखी कमी आला आकडा." मी पिशवी खाली ठेवली. "तुमच्या कुमुदनं खोटे नकाशे काढलेत. सहावीपासून बारावीपर्यंत सगळे. ती वर चढलीच नाही. पायथ्याला लोकांच्या सोप्यांत बसून तिनं ते काढले. त्या राया गोल नव्हत्या, दहा वर्षांपूर्वीही नव्हत्या. आणि तुम्ही त्या नकाशांवर लोकांची शेतं काढून घेणार आहात."

त्यांनी झारी खाली ठेवली. त्यात पाणी होतं, ती कलंडली, पाणी माझ्या पायांपर्यंत आलं.

"कुमुदनं नाही," ते म्हणाले. "मी काढले."

मला कळलं नाही. म्हणजे शब्द कळले.

"सहाव्या राईच्या वेळी तिला जमेना," ते म्हणाले. ते माझ्याकडं नाही, त्या पाण्याकडं बघत होते. "डॉक्टरनी चालायचं नाही म्हणून सांगितलं होतं. तिनं ऐकलं नाही. मग ठरलं, तिनं खाली बसायचं आणि मी वर जाऊन मोजून आणायचं. एक राई मोजायला दोन दिवस लागतात, तुला माहीत आहे. मी वर गेलो की मला खालून तिचा श्वास ऐकू यायचा. खरा नव्हे, पण यायचा. अर्ध्या तासात मी परत फिरायचो. समोरच्या टेकाडावरून राई दिसायची, ती नजरेनं कागदावर उतरवायची, मनानंच दिशा भरायच्या, आणि खाली पळायचं. लांबून सगळ्या राया गोलच दिसतात. ते आकडे मी तिला द्यायचो. ती त्यावरून नकाशा काढायची."

"तिला माहीत होतं?"

"नाही. ती दोरा लावून मोजायची, भागाकार करायची, आणि खूष व्हायची. म्हणायची, अरे अच्युत, किती आटोपशीर आहेत रे आपल्या राया. मी हो म्हणायचो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तू काढलेस? तू?"

त्यांनी मान वर केली. लग्नाच्या पाच वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांना एकेरीत बोलले होते.

ज्या माणसानं मला दहा मीटरसाठी पुन्हा डोंगरावर पाठवलं, जो विद्यार्थ्याला पानाची एक शीर चुकली म्हणून आख्खं चित्र परत काढायला लावायचा, वाण्यानं सुटे परत देताना जास्त दिले तर जो उन्हातून उलट चालत जाऊन ते परत करायचा, त्या माणसानं सात राया मनानं रचल्या होत्या. तिच्यासाठी. एस्टीत मी समजत होते की मी तिला गाठलंय. ती माझ्या हाताला लागण्याच्या पार पलीकडं बसली होती.

"मग मला कशाला पाठवलंस मोजायला?"

"वाटलं होतं, दहा वर्षांत शेतं खरंच आत सरकली असतील. फरक दिसला तर दहा वर्षांचा दिसेल. आणि तू मोजणीवर थांबशील, खाली कोणाला विचारणार नाहीस." त्यांनी कलंडलेली झारी उभी केली. "परत मोज म्हणालो ते... तुझंच चुकलेलं असावं, असं फार वाटत होतं."

"परवा बैठक आहे. तू सांगणार आहेस की मी सांगू?"

"तुला सांगायचं तर सांग," ते म्हणाले. "फक्त तिचं नाव घेऊ नकोस."

तेवढंच. माझ्या पायांची, माझ्या रजेची, मी आता या घरात कशी राहू याची चौकशी नाही. मी आत जाऊन बूट काढले आणि ते माळ्यावर नाही, सरळ अंगणाच्या कोपऱ्यात फेकले. सासूबाई देवळातून आल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, कुमुदचे बूट कोणी टाकले?" मी म्हणाले, "फाटले." ते फाटले नव्हते.

बैठक गारगोटीच्या कचेरीत होती. अच्युत आणि मी एस्टीत एकाच बाकावर बसून गेलो, मध्ये कागदांची पिशवी. त्यांनी सांगायचं ठरवलंय की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाहेर व्हरांड्यात गावोगावची माणसं बसली होती. बायाक्काही शेवंताच्या खांद्याला धरून आली होती. मला बघून तिनं हात जोडले. मला तिच्या नजरेला नजर देता येईना.

प्रांतसाहेब तरुण होते, घाईत नव्हते, आणि कागद नीट वाचून आले होते. "हेर्लेकर सर," ते म्हणाले, "मॅडमच्या मोजणीत आणि जुन्या नकाशात फारच फरक दिसतोय. आणि बाहेरचे लोक म्हणतायत की शेतं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. सातबारावर काही नाही, पण बांधावरचे आंबे म्हातारे आहेत, ते मी स्वतः बघून आलोय. तुमचं मत काय?"

अच्युतनी तोंड उघडलं. त्यातून शब्द आला नाही. ते समोरचा जुना नकाशा सरळ करत राहिले.

प्रांतसाहेबांना वाटलं, त्यांना अवघड होतंय. ते आवाज खाली आणून म्हणाले, "जुने नकाशे तुमच्या दिवंगत पत्नीचे आहेत ना? मला कल्पना आहे. त्या आजारी होत्या असंही ऐकलंय. आपण एवढंच नोंदवू की पूर्वीच्या संशोधकाच्या मोजणीत दोष आढळला, म्हणून सगळे बारा नकाशे बाद. त्या आता नाहीत, कुणाला त्रास नाही. लोकांची शेतंही वाचतील. चालेल?"

अच्युतनी माझ्याकडं बघितलं. पाच वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते वाक्य एका अनोळखी अधिकाऱ्यानं, सरकारी भाषेत, आपणहून माझ्यापुढं ठेवलं होतं. पूर्वीच्या संशोधकाच्या मोजणीत दोष. ते शाईनं लिहिलं जाणार होतं. मला काही करायचंसुद्धा नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

आणि मला तो घळीजवळचा कोपरा दिसत राहिला. ती वाकडी, काट्यांतली, खरी रेघ.

"नाही," मी म्हणाले. "बारा नाही, साहेब. पहिले पाच नकाशे त्यांचे आहेत आणि ते बरोबर आहेत. फुटाचीही चूक नाही. मी त्याच कडांनी चालले आहे. इतकी नेटकी मोजणी मलाही जमली नसती."

हे बोलताना माझ्या तोंडाला कडू चव आली. एकही शब्द मी तिच्या प्रेमापोटी बोलले नाही. पण ती चालली होती आणि मीही चालले होते, आणि ते चाललेलं कोणी एका ओळीत पुसून टाकावं हे मला सोसलं नाही.

"आणि बाकीचे सात?" प्रांतसाहेबांनी विचारलं.

अच्युत उभे राहिले. आता त्यांना आवाज सापडला. "बाकीचे सात माझे," ते म्हणाले. "मी ते न मोजता केले आणि तिला मोजले म्हणून सांगितलं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, एवढाच तिचा दोष."

शेतं राहिली. माझी मोजणी हद्द म्हणून धरली गेली, आणि बायाक्काच्या रानाच्या बांधावर दगड रोवले गेले ते तिचं रान राईबाहेर ठेवून. विद्यापीठात चौकशी झाली. कुमुदच्या प्रबंधाला दुरुस्तीचं एक पान जोडलं गेलं, त्यावर नाव अच्युतचं. त्यांना प्राध्यापकपद मिळायचं होतं, ते त्या वर्षी नाही मिळालं आणि पुढंही नाही. सासूबाईंनी कितीतरी महिने माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. त्यांच्या दृष्टीनं हे सगळं मी मोजायला गेले म्हणून झालं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

पण हे मागाहूनचं. त्या दिवशी आम्ही बैठक संपवून गारगोटीहून एस्टीत बसलो तेव्हा ऊन अजून कलायचं होतं. बस अर्धी रिकामी होती. अच्युत खिडकीशी बसले. त्यांचा चेहरा ताप उतरल्यावर होतो तसा झाला होता, थकलेला आणि हलका. तो हलकेपणा मला बघवेना. त्यांना तिच्यासाठी आज आणखी काहीतरी देता आलं होतं.

बराच वेळ मी स्वतःला आवरलं. मग विचारलंच.

"माझ्यासाठी काढले असते तुम्ही? खोटे नकाशे?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. ते विचार करत राहिले. एवढ्या दिवसांत त्यांनी माझ्याबद्दल खरोखर विचार केला असेल तर तो तेव्हाच.

"नाही," ते म्हणाले. "तुला चालता येतं."

मी उठले आणि कंडक्टरला बस थांबवायला सांगितली. पुढचा फाटा अजून लांब होता. "इथं काय हाय बाई?" कंडक्टर म्हणाला. मी म्हणाले, काही नाही, उतरायचंय. त्यानं घंटी ओढली.

मी रस्त्यावर उतरून चालू लागले. दोन्ही बाजूंना ऊस, पुढं नुसता डांबरी रस्ता. बस पुढं गेली नाही. मागून पुन्हा दार आपटल्याचा आवाज आला, मग बस मला ओलांडून गेली, आणि मागं पावलं ऐकू येऊ लागली. अच्युतची. त्यांच्या हातात कागदांची पिशवी होती, ती चालताना त्यांच्या गुडघ्याला लागत होती.

"वैजू," ते एकदा म्हणाले.

मी मागं बघितलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली नाही, पण ते थांबलेही नाहीत. त्यांना धाप लागली होती. मी वेग कमी केला नाही.

बऱ्याच वेळानं केला.